तांब्याची बंगई

"बाई, दोघांनी हात नाही धरला, नुसतं बोटाला बोट टेकवलं, तरी वाजेल का?"

हर्षदा फेगडे माझ्या व्हरांड्यात मांडी घालून बसली होती. पुढ्यात जुनं वर्तमानपत्र, त्यावर तांब्याच्या तारांचे तुकडे आणि मधोमध तिची अर्धवट उभी राहिलेली बंगई. खानदेशात घरोघरी झोपाळा असतो तशीच. दोन खांब, वर आडवा दांडा, त्याला लोंबणाऱ्या चार कड्या आणि खाली बसायची पाटी. फक्त ही वीतभर उंच होती आणि सगळी तारेची होती.

"वाजेल," मी म्हटलं. "पण बारीक. स्पर्श जेवढा कमी, तेवढी वीज कमी."

"आणि मधे रुमाल असला तर?"

"मग नाही वाजणार."

"ओला रुमाल?"

"अगं, रुमाल घेऊन कुणी हात धरतं का?"

"धरतात," ती म्हणाली आणि चिमट्याने तारेला बाक द्यायला लागली.

मी तेव्हा भुसावळकडच्या एका वीज केंद्राच्या वसाहतीत राहत होते. तिथल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे आणि रविवारी दुपारी माझ्या क्वार्टरचा व्हरांडा मुलांना मोकळा असायचा. येतील ती मुलं, सुचेल ते काम. त्या वर्षी सगळ्यांना वाजणाऱ्या वस्तूंचं वेड लागलं होतं. रेडिओ उघडला की आत हिरवी पाटी दिसते आणि तिच्यावर सगळे भाग ओळीने बसवलेले असतात. आम्ही ती पाटी वापरतच नव्हतो. एका भागाचा पाय दुसऱ्या भागाच्या पायाला हवेतच कथलाचा डाग देऊन जोडायचा. तारेचाच आकार करायचा, तारेनेच उभं राहायचं आणि त्याच तारेतून वीजही जायची. कुणी टोळ केला, कुणी सायकल, कुणी नुसताच गुंता करून त्याला भूत म्हटलं. नियम एकच होता. शोभेची तार लावायची नाही. जी तार दिसते तिने काहीतरी वाहिलंच पाहिजे.

हर्षदा आठवीत होती. अंगाने बारीक, बोलायला थोडकी, पण डाग असा द्यायची की मला पुन्हा बघावं लागत नसे. तिच्या बंगईत कड्यांच्या जागी रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर लटकत होते आणि पाटीच्या जागी एक छोटा स्पीकर झुलत होता. दोन्ही खांबांतून एकेक लांब तार बाहेर आलेली आणि प्रत्येकीच्या टोकाला तांब्याची मूठ. एकाने ही मूठ धरायची, दुसऱ्याने ती. मग दोघांनी मोकळे हात एकमेकांना लावले की दोघांच्या अंगातून नऊ व्होल्टची इवलीशी वीज जायची. अंगाला काहीच कळायचं नाही, पण पाटी गायला लागायची. हात घट्ट धरले तर सूर उंच, सैल केले की खाली.

पहिल्यांदा ती वाजली तेव्हा टोळ करणाऱ्या जुनेदने दोन्ही मुठी एकट्यानेच धरल्या. अर्थात सूर सगळ्यांत उंच आणि स्वच्छ निघाला. मुठी दाबत, सोडत त्याने त्यातून बेडूक काढला, मग कावळा. मुलं लोळायची बाकी राहिली. हर्षदाने त्याच्या हातातून मुठी काढून घेतल्या.

"एकट्याने वाजवायला बनवलेलं नाहीये ते."

"मग कशाला बनवलंय?"

"प्रदर्शनाला."

"प्रदर्शनात एकटा माणूस आला तर त्याने काय रडायचं का?"

"त्याने तुझा टोळ बघायचा," ती म्हणाली.

शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरे. पालक यायचे, निदान एक तरी. हर्षदाचं म्हणणं मात्र पहिल्या दिवसापासून एकच होतं. माझे दोघंही आले पाहिजेत. मम्मी आणि पप्पा, एकाच वेळी. बाकी कुणी नाही आलं तरी चालेल.

एकदा डाग द्यायचं आयर्न तापायची वाट बघत आम्ही बसलो होतो. गप्पा पूजेच्या प्रसादावर आल्या आणि हर्षदा आपणहून बोलायला लागली. हे क्वचितच व्हायचं.

"श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. भटजी मम्मीला म्हणाले, हाताला हात लावा. म्हणजे पप्पा पळीने पाणी सोडतात ना, तेव्हा बायकोने नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो. म्हणजे दोघांना पुण्य मिळतं. तर मम्मीने मला ओढलं, माझा हात पप्पांच्या हाताला लावला आणि माझ्या कोपराला आपलं बोट लावलं. भटजींनी बघितलं. म्हणाले, चालेल, पोचतंय."

मुलं खिदळली.

"म्हणजे तू वायर झालीस," जुनेद म्हणाला.

सगळे आणखी हसले. तीही हसली. तेवढ्यात आयर्न तापलं आणि आम्ही कामाला लागलो.

पुढच्या रविवारी मुलांना नवा खेळ सापडला. दोघांच्या मधे तिसरा उभा करायचा, मग चौथा, मग पाचवा. माणसागणिक सूर खाली खाली जायचा. शेवटी व्हरांड्यातून अंगणापर्यंत साखळी झाली आणि बंगईतून म्हशीसारखा हंबरडा निघाला. मुलं खूश. हर्षदा मात्र ओठ आवळून उभी होती. साखळी तुटल्यावर माझ्याजवळ आली.

"बाई, हे बंद करता येईल?"

"काय?"

"तिघांचं. दोघांत वाजलं पाहिजे. तिघांत नाही."

"का गं?"

तिने जरा विचार केला. "अवघड आहे म्हणून."

कुठल्याही मास्तराचा जीव सुपाएवढा व्हावा असं ते उत्तर होतं. माझाही झाला. मी तिला प्रीसेट दाखवला. हरभऱ्याच्या डाळीएवढा भाग, वर बारीकसा स्क्रू. तो एका बाजूला फिरवला की बंगई हळवी होते, शंभर माणसांतूनही वीज ओळखते. दुसऱ्या बाजूला फिरवला की कानाडोळा करायला लागते. दोघांना ओळखायचं आणि तिघांना नाही, ही मधली जागा केसाएवढी बारीक होती. त्यात थंडीचे दिवस. कुणाचे हात कोरडे, कुणाचे घामट, एकाला खोबरेल लावलेलं. आज जुळवलेला स्क्रू उद्या खोटा ठरायचा.

"हातांचा भरवसा नाही, हर्षदा," मी म्हटलं. "यंत्राचा दोष नाही यात."

दोन दिवसांनी ती तांब्याची वाटी घेऊन आली. "सगळ्यांनी आधी यात हात बुडवायचे. मग सगळ्यांचे हात सारखे होतील."

हे मला सुचलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर थाप दिली. मग महिनाभर ती येईल त्याला वाटीत हात बुडवायला लावायची. पोस्टमन आणि दूधवाला, जुनेद आणि त्याची अम्मी, मी आणि शेजारच्या काकू. आधी दोघांना, मग त्यांच्याच मधे तिसऱ्याला. स्क्रू एवढासा इकडे, एवढासा तिकडे. शेवटी ती जागा सापडली. दोघांत बंगई गायची. मधे कुणी आलं की गप्प.

माझ्या हत्यारांच्या डब्यात लाल नेलपॉलिशची एक बाटली असे. मी कधी नखांना लावलं नाही. त्यावरून मुलं मागून काय बोलत ते मला ठाऊक होतं. पण एकदा प्रीसेट जुळला की त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा, ही कारागिरांची जुनी रीत. थेंब वाळला की स्क्रू धक्क्याने हलत नाही आणि तो लाल ठिपका बघून दुसऱ्याला कळतं, की हे जुळवलेलं आहे, हात लावू नका. हर्षदाने थेंब स्वतः टाकला. वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली.

"आता हलणार नाही ना?"

"कुणी मुद्दाम फोडल्याशिवाय नाही."

"बाई, तुम्ही घरी येऊन सांगाल? दोघांना? मी सांगितलं की पप्पा म्हणतात मम्मीला विचार आणि मम्मी म्हणते पप्पांना विचार."

मी गेले. फेगडेसाहेब वीज केंद्रात मोजमापाच्या यंत्रांचे इंजिनिअर होते. कुठलाही काटा अडला की त्यांना बोलावणं जाई. हर्षदाची आई कल्पना वसाहतीच्या दवाखान्यात नर्स. मी पोचले तेव्हा साहेब बातम्या बघत होते आणि ती स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती. हॉलमध्ये सागवानी बंगई होती, तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग.

"या मॅडम. हर्षू, मम्मीला सांग, बाईंना चहा टाक."

"हर्षू, पप्पांना सांग, टाकलाय."

हर्षदा दोघांच्या मधे, हॉलच्या उंबऱ्याशी उभी होती. तिने कुणालाच काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, दोघांना सगळं ऐकू येत होतं. ती तिथे उभी असली की पुरे होतं.

"तुम्ही दोघांनी यायला हवं," मी म्हटलं. "पोरीने महिनाभर खपून काम केलंय. दोघांशिवाय ते वाजतच नाही."

"येतो की," साहेब टीव्हीकडे बघून म्हणाले.

"ड्यूटी बदलून घेते," ती मेथीकडे बघून म्हणाली.

हर्षदा मला फाटकापर्यंत सोडायला आली. "हो म्हणाले ना, बाई?" तिने दोनदा विचारलं.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरलेली टेबलं होती. हर्षदाचं टेबल खिडकीपाशी. उन्हात बंगईचं तांबं अंगठीसारखं चमकत होतं. शेजारी पाण्याची वाटी आणि तिच्या टपोऱ्या अक्षरातला पुठ्ठा: दोघांनी हात ओले करा. एकेक मूठ धरा. मग हाताला हात लावा.

गर्दी तिथेच झाली. मुख्याध्यापक आणि शिपाई नामदेव यांनी हात धरला तेव्हा मुलांनी टाळ्या पिटल्या. कुणाचे तरी टोपीवाले आजोबा आजींना म्हणाले, "चल, बघू तर." आजी म्हणाल्या, "इतक्या लोकांत? वय काय तुमचं." पण आजोबांनी वाटीत हात बुडवून पुढे केलाच. आजींनी पदराआडून बोट बाहेर काढून टेकवलं आणि बंगई भुंग्यासारखी गुणगुणली. लोक हसले तसा आजींनी सगळा पंजाच ठेवून दिला. सूर टुणकन वर गेला. हर्षदा सगळ्यांना दाखवत होती, पण तिचं लक्ष दाराकडे होतं.

मम्मी आधी आली, पांढऱ्या साडीवर निळा स्वेटर. थोड्या वेळाने साहेब आले, शिफ्टमधून तसेच, काखेत हेल्मेट. ते टेबलाच्या एका टोकाला उभे राहिले, ती दुसऱ्या.

"पप्पा, तुम्ही ही मूठ धरा. मम्मी, तू ही." हर्षदाचा आवाज मला अनोळखी वाटला. भराभर बोलत होती. "आधी हात बुडवा. दोघांनी. हां. आता हात."

साहेबांनी मूठ धरली. मम्मीनेही धरली. दोघांचे मोकळे हात ओले होते, बोटांवरून चादरीवर पाणी गळत होतं. मधे हातभर अंतर होतं.

"आता काय?" साहेबांनी हर्षदाला विचारलं.

"आता हाताला हात लावायचा."

साहेबांनी हात पुढे केला, हर्षदाकडे. त्याच क्षणी मम्मीनेही केला. तोही हर्षदाकडे.

"ये," मम्मी म्हणाली.

"मी नाही. तुम्ही दोघंच."

"ये गं, मागे लोक थांबलेत."

"मम्मी, दोघंच. पुठ्ठ्यावर लिहिलंय."

"हट्ट नको करू. ये मधे." मम्मीने तिचं मनगट धरलं. दुसरा हात साहेबांनी घेतला. तिघं ओळीने उभे राहिले.

बंगई गप्प होती.

"बिघडलं वाटतं," मम्मी म्हणाली.

"बॅटरी उतरली असणार," साहेब म्हणाले.

"बिघडलं नाहीये," हर्षदा म्हणाली. ती बंगईकडे बघत होती. "मी मधे असले की वाजत नाही."

तिने ते हळू सांगितलं, पण दोघांनी ऐकलं. कारण क्षणभर दोघंही एकमेकांच्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता. आता एक हात हलेल. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, वाजवा की लवकर." साहेबांनी हर्षदाचा हात सोडला आणि खिशातून पेनासारखा स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्यांच्या खिशात कायम असायचा.

"थांबा, बघतो."

मी पुढे झाले. "साहेब, बिघाड नाही तो. तिने तसंच जुळवलंय. मुद्दाम."

"मुद्दाम?" ते हसले. "मॅडम, तिघांत बंद पडावं असं कोण मुद्दाम जुळवेल? हळवेपणा कमी पडतोय, बाकी काही नाही."

"पप्पा, नको ना."

"एक मिनिटाचं काम आहे, हर्षू. घाबरू नको, मोडत नाही मी."

ते आपल्या कामात खरंच वाकबगार होते. त्या सगळ्या तारांत प्रीसेट त्यांना लगेच सापडला. लाल थेंबाला त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. टक् असा आवाज झाला. चादरीवर लाल कपची पडली. त्यांनी स्क्रू फिरवला, पार टोकापर्यंत.

"धर आता."

पुन्हा तिघं ओळीने उभे राहिले. पाटीतून सूर निघाला. जाड, खालचा, पण अखंड. मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बरं झालं बाई," मम्मी मला म्हणाली. "नाहीतर पोरीचा उगाच हिरमोड झाला असता."

शाळेचा फोटोग्राफर धावत आला. "छान, छान. हात सोडू नका. ताई, जरा वर बघ. हस." हर्षदाने वर बघितलं आणि ती हसली. बोटाला बोट, ओला रुमाल, अवघड आहे म्हणून. तिने मला इतके दिवस काय विचारलं होतं ते मला त्या टेबलापाशी उभ्या उभ्या कळत गेलं, आणि सूर वाजतच होता.

साहेब म्हणाले, "हर्षू, मम्मीला सांग, मी निघतो. शिफ्ट आहे."

"सांग, जा म्हणावं," मम्मी म्हणाली.

त्या दुपारी बंगई कुणालाही वाजू लागली. मुलांनी साखळी करून ती हॉलच्या दाराबाहेर नेली. मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं की एकीचं बळ कसं असतं ते आमच्या एका विद्यार्थिनीने दाखवून दिलं. तिला पहिलं बक्षीस मिळालं. तो फोटो पुढे बरीच वर्षं शाळेच्या पॅसेजमध्ये लावलेला होता.

नंतरचे काही रविवार ती आली नाही. आली तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. जुनेद अंगणात त्याच्या टोळाचा पाय जोडत बसला होता. बंगई मी माझ्या कपाटावर ठेवली होती. ती खाली घेतली, नेलपॉलिशची बाटली काढली, वाटीत पाणी घेतलं.

"बस. पुन्हा जुळवू या. तुला जागा ठाऊक आहे, तासाभराचं काम."

"नको, बाई."

"का?"

"पप्पांना आता स्क्रू कुठे आहे ते कळलंय."

बाटलीचं झाकण मी उगाच पुन्हा पुन्हा फिरवत बसले.

"निदान घरी तरी घेऊन जा," मी म्हटलं. "तुझं बक्षिसाचं काम आहे."

"कुठल्या?" तिने विचारलं. अगदी सरळ, पत्ता विचारावा तसं. "पप्पांची कोराडीच्या वीज केंद्रात बदली झालीय. मम्मी इथेच राहणार. शाळा असताना मी इथे, सुटीत तिकडे. मम्मी म्हणते पप्पांना सांग आणि पप्पा म्हणतात मम्मीला सांग. आता फोनवर सांगायचं." तिने बंगईकडे बघितलं. "इथेच राहू दे ती. चालेल?"

"चालेल."

ती बंगईसमोर मांडी घालून बसली. वाटीत हात बुडवले, फ्रॉकला पुसले नाहीत. मग तिने एका हातात एक मूठ धरली आणि दुसऱ्या हातात दुसरी. पाटीतून सूर निघाला, उंच आणि स्वच्छ. इतका स्वच्छ सूर त्या बंगईतून दोघांत कधी निघाला नव्हता.

अंगणातून जुनेदने मान वर केली.

"काय गं? एकट्याने वाजवायला बनवलेलं नाही म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते," हर्षदा म्हणाली आणि वाजवत राहिली.